एरियलकाकूंचं वय

बायकांना वय विचारू नये म्हणतात. एरियलकाकूंना ते विचारायची वेळच कधी आली नाही, त्या आपणहून सांगायच्या. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, बँकेतल्या पोरीला, लिफ्टमध्ये पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला. "मी एकाहत्तर. तुम्ही?" समोरचा गडबडला की वर म्हणायच्या, "अहो, वय विचारतेय, किडनी मागत नाहीये." रोडपालीच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले त्याच दिवशी मलाही त्यांनी जिन्यात गाठलं. हातात गॅसची शेगडी घेऊन उभी असलेली मी, आणि या वय विचारतायत. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू कुठल्या तरी परीक्षेत पास केलं, आणि मग शेगडीचं एक टोक धरून वरपर्यंत आल्या.

काकू पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मूलबाळ नव्हतं, काका गेल्यावर सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या कोपऱ्यातल्या बांबूपर्यंत त्यांची एक तार ताणलेली असायची, म्हणून एरियलकाकू. पोरांच्या एरियल आजी. त्या तारेचं खालचं टोक त्यांच्या मागच्या खोलीत एका जुन्या, काट्याच्या रेडिओ सेटला जोडलेलं होतं. नुसता ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचाही. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. सरकारी परवाना काढून घरबसल्या जगाशी असं बोलणाऱ्यांना हॅम म्हणतात, हे मला त्या खोलीत कळलं. शाळेत असताना काकू आठ-दहा मुलांना या परवान्याच्या परीक्षेला घेऊन गेल्या होत्या आणि बाहेर बसून माशा कुठे मारायच्या म्हणून स्वतःही परीक्षेला बसल्या. मुलं पुढे इंजिनियर-बिंजिनियर होऊन पांगली. काकूंनी मात्र तो सेट सोडला नाही.

या हॅम लोकांच्या स्पर्धा असतात. ठरलेल्या शनिवार-रविवारी सगळे एकदम हवेत येतात आणि जितक्या जास्त लोकांशी बोलता येईल तितकं बोलतात. बोलतात म्हणजे काय, दहा सेकंद. हाक मारायची, परवान्यावर मिळालेली आपली अक्षरा-आकड्यांची खूण सांगायची, 'फाइव्ह नाइन' म्हणजे तुझा आवाज छान येतोय असं सांगायचं, आणि पुढे एक आकडा. तो समोरच्यानं बरोबर लिहून घेतला की गुण. काकूंच्या लाडक्या स्पर्धेत हा आकडा म्हणजे आपलं वय. बायकांना तिथे सवलत होती, वय सांगायचं नसेल तर शून्य-शून्य म्हणा. ती सवलत काकूंनी एकदाही घेतली नाही. "मी काय शून्य आहे का गं?" असं मलाच फणकाऱ्यानं विचारायच्या, जसा काही तो नियम मी केलाय.

तिथे त्यांना दरवर्षी एक जपानी माणूस भेटायचा. भेटायचा म्हणजे तेच, दहा सेकंद. काकूंनी एकसष्ट म्हणावं, त्यानं त्रेसष्ट म्हणावं. पुढच्या वर्षी बासष्ट आणि चौसष्ट. त्याचं घर, बायको, नोकरी, काही म्हणजे काही काकूंना ठाऊक नव्हतं. "माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे," एवढंच सांगायच्या, तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं तो पलीकडच्या सेक्टरमध्ये राहतो. मी चेष्टा करायचे, "काकू, वर्षातून एकदा दहा सेकंद, हे कसलं हो प्रेम?" त्या म्हणायच्या, "प्रेम कसलं डोंबलाचं! वर्षातून एकदा मला कळतं की तो आहे. त्याला कळतं की मी आहे. नवरा-बायकोला तरी एकमेकांचं याहून जास्त काय कळतं?" आमचे हे तेव्हा खाली सोफ्यावर मोबाइल बघत पडलेले असायचे.

रविवारी सकाळी सोसायटीतली पोरं काकूंकडे जमायची. माझी सई त्यातलीच. मला आधी ते अजिबात पसंत नव्हतं. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात दिवसभर बिलं करून घरी येते, तर पोरगी गणिताचं पुस्तक पालथं टाकून भिंतीशी बोलतेय, "क कळंबोलीचा, र रोडपालीचा, च चिरनेरचा!" हवेत आवाज नीट पोचत नाही म्हणून अक्षरं अशी फोडून सांगायची असतात. खरी इंग्रजी पद्धत शिकवण्याआधी काकू आपल्या गावांवर सराव करून घ्यायच्या. आणि पहिला धडा एकच, "आधी ऐका, मग दाबा." जो न ऐकता बटण दाबेल त्याची रवानगी जिन्यात. "दोघं एकदम बोलली की हवेत कुणीच बोललेलं नसतं," असं त्या म्हणायच्या. भांडताना सई हे वाक्य माझ्याच तोंडावर मारायला लागली, तेव्हा मी काकूंना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

मुलांसाठी म्हणून एक वेगळी स्पर्धा असायची. त्यात काकू शेजारी बसायच्या आणि पोरं बोलायची. तळमजल्यावर आमचे चेअरमन म्हात्रेदादा राहतात, मूळचे इथलेच, भातखाचरं आणि मिठागरं असलेल्या घरातले. त्यांच्या नातीनं पहिल्याच वर्षी कुणा रशियन मुलाला आपलं नाव, वय, शाळा आणि घरी आज कोलंबीचं कालवण हाय, हे सगळं मराठीत सांगून टाकलं. "गप्पा मारायच्या तर खाली कट्ट्यावर जा!" काकू ओरडल्या. "इथे वय सांगायचं आणि फुटायचं!" ओरडल्या खऱ्या, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. सईला बारा पूर्ण झाली तशी ती परीक्षा देऊन परवानावाली झाली. त्या वर्षी वयाच्या स्पर्धेला काकूंच्या शेजारी बसून तिनं पहिल्यांदा त्या जपानी माणसाचा आवाज ऐकला, आणि धडधडत चार जिने उतरून मला सांगायला आली, "आई, चौऱ्याहत्तर आले!"

पुढच्या वर्षी तो आला नाही.

म्हणजे काकूंना ऐकू आला नाही. दोन्ही दिवस त्या सेटपुढे खिळून होत्या आणि कानात नुसती खरखर. सईला ताप होता, ती घरी. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू केस विस्कटलेल्या अशा खाली आल्या आणि दारोदार फिरायला लागल्या. हल्लीच्या दिव्यांनी, चार्जरनी, इन्व्हर्टरनी रेडिओत आवाज येतो, हे खरं आहे. आणि दिवस गणपतीचे. घरोघर आराशीला चायनीज माळा. म्हात्रेदादांच्या दारात उभं राहून काकू म्हणाल्या, "म्हात्रे, तुमच्या त्या माळेनं अख्खा आशिया बंद पडलाय!"

"काकू, बाप्पाला काळोखात बसवू काय?" म्हात्रेदादा म्हणाले. पण भला माणूस, त्यांनी माळ काढली. समई लावली. खरखर गेली नाही.

त्यानंतर काकूंना त्या खरखरीनं झपाटलं. एक छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून त्या मजल्यामजल्यावर हिंडायच्या, लोकांच्या मीटरला, लिफ्टच्या मोटरला, बंद दारांना तो लावून बघायच्या. कुणाचा टीव्ही बदलायला लावला, कुणाच्या फिश टँकचा पंप. आमच्या फ्रिजवर तर त्यांचा एवढा डोळा होता की मी एकदा दार लावून घेतलं. ज्या बाईला सगळी सोसायटी हसून वाट द्यायची, तिला बघून लोक लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागले. "पुढच्या सप्टेंबरच्या आत शोधलं पाहिजे गं," त्या मला म्हणायच्या. "तो येईल आणि मला ऐकू यायचं नाही." माझा हात इतका घट्ट धरायच्या की बांगड्या रुतायच्या.

शेवटी एका रविवारी दुपारी म्हात्रेदादा वैतागले. "काकू, आख्खी बिल्डिंग बंद करतो. मंग तर झालं? पुन्ना नाव काढायचं नाय." त्यांनी घराघरात सांगून ठेवलं आणि खालचा मेन स्विच खरंच पाडला. पंखे थांबले. लिफ्ट गप्प. आम्ही पाच-सहा जण काकूंच्या खोलीच्या दारात, आणि काकू कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेल्या. सई टेबलाखाली घुसली होती, वीज नाही म्हणून सेट बॅटरीवर जोडायला.

"आहे!" काकू एकदम ओरडल्या. "अजून आहे! बघा, मी सांगत नव्हते? बाहेरून येतंय! ट्रक टर्मिनलकडून!"

सई टेबलाखालून बाहेर आली. तिच्या हातात वायरचं टोक होतं. "आजी," ती म्हणाली, "सेट बंद आहे. मी बॅटरी अजून जोडलीच नाहीये."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. वायरकडे पाहिलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि मान जराशी कलती करून बसल्या, वर्गात मागून कुणी बोलतंय का हे बाई ऐकतात तशा. "आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अजून आहे गं." देवा, तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. म्हात्रेदादा मागे वळून जिना उतरले, थोड्या वेळानं पंखे सुरू झाले, आणि एक-एक करून सगळे निघून गेले.

डॉक्टर म्हणाला, कानाची नस निकामी होत चाललीय. खरखर कानातच तयार होते, तिला औषध नाही. मशीन लावलं तर दाराची बेल कळेल, समोरच्याचं बोलणं काही दिवस कळेल, पण खरखरीतून बारीक आवाज वेचणं विसरा. काकूंनी ते सगळं माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि घडी करून पर्समध्ये टाकलं. घरी आल्यावर चपला न काढता खुर्चीत बसल्या आणि हंबरडा फोडला. कान गेले म्हणून नाही. "मागच्या वर्षी तो होता का गं?" त्या विचारत होत्या. "तो गेला, की माझे कान गेले? एवढंच सांग मला. तो गेला, की माझे कान गेले?"

मी म्हटलं इंटरनेटवर शोधू. सईनं शोधलंही. कुठल्याशा यादीत त्याचं नाव होतं, जुना पत्ता होता, त्या पत्त्यावर तिनं पाठवलेलं कार्ड कुठे गडप झालं ते कळलं नाही. माणूस जिवंत आहे की नाही हे यादी सांगत नाही. काकू तर ऐकूनच चिडल्या. "असा शोधून काय करू त्याला? त्यानं हाक मारायला हवी."

सप्टेंबर जवळ आला तसं सईनं सुचवलं, मी ऐकते, तुम्ही शेजारी बसा. काकूंना तेही मंजूर नव्हतं, कारण नियम. एका सेटवर दोघं बसले की दोघांच्या वयाची सरासरी सांगायची. काकू चौऱ्याहत्तर, सई चौदा. म्हणजे चव्वेचाळीस. "मी चव्वेचाळीस?" काकू कडाडल्या. "आयुष्यात एकदा खोटं वय सांगितलं नाही मी! चौऱ्याहत्तर वर्षं जगलेय, कुणाबरोबर वाटून नाही घेतलेली!" सई पण माझीच मुलगी. "मग नका सांगू," म्हणाली, "बसा एकट्या."

शनिवारी त्या खरोखर एकट्या बसल्या. आतून दर मिनिटाला त्यांची हाक ऐकू यायची, आणि मग काहीच नाही. लोक त्यांना उत्तर देत होते, सई दाराबाहेर आपल्या छोट्या रेडिओवर ऐकत होती, पाच-पाच जण देत होते. काकूंना एकही ऐकू येत नव्हता. त्या पुन्हा हाक मारायच्या. आवाज चढत चढत फाटला, तरी मारत होत्या. सई रडत माझ्याकडे आली, "आई, ते सगळे ओरडतायत गं आजीच्या नावानं." संध्याकाळी मी वर गेले, तर काकू हेडफोन पुढे करून उभ्या. सईला म्हणाल्या, "घे. चव्वेचाळीस तर चव्वेचाळीस."

रविवारी सकाळपासून सई कानाला हेडफोन लावून बसली. काकू शेजारच्या स्टुलावर, सेटकडे बघतच नव्हत्या, फक्त सईच्या तोंडाकडे. जपानी कुणी लागला की काकूंच्या भुवया वर जायच्या, सई मान हलवायची, भुवया खाली. असं किती वेळा झालं! मी जेवणाचा डबा नेला, तो तसाच राहिला. दुपार कलली. जपानकडे रात्र झाली की तिकडचे आवाज बुडतात, हे एव्हाना मलाही ठाऊक झालं होतं. काकूंचे ओठ पांढरे पडले होते. त्यांना म्हणावं, चला, बास झालं, तर ते ऐकू जाणार कुणाला?

आणि सई ताठ झाली. तिनं एक हात वर केला. बटण दाबून काकूंची खूण सांगितली, सोडलं, ऐकलं, आणि समोरचं पेन घेऊन आपल्या तळहातावर दोन आकडे लिहून तो हात काकूंच्या नाकासमोर धरला. ७६.

काकूंनी तो हात दोन्ही हातांनी पकडला. सईनं कशीबशी दुसऱ्या हातानं हेडफोनची पिन सेटमधून उपटली, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. सई म्हणाली, "फाइव्ह नाइन फोर फोर." खरखरीच्या तळातून एक म्हातारा आवाज आला, "फोर फोर?" सई म्हणाली हो. त्यावर तो गप्प. दहा सेकंदांच्या त्या खेळात इतका वेळ कुणी गप्प बसत नाही. मग म्हणाला, "नो, नो. सेव्हन फोर. व्हेअर इज सेव्हन फोर?"

सईनं ते कागदावर लिहिलं. काकूंनी वाचलं, माइक ओढून घेतला, बटण दाबलं. "सेव्हन फोर इज हिअर," त्या म्हणाल्या. पोरीसारखा चिरका आवाज लागला होता. "आय कॅनॉट हिअर यू. बट सेव्हन फोर इज हिअर." बटण सोडलं. तो काहीतरी बोलत राहिला, त्याच्यावर बाकीचे ओरडत होते, मला नीट कळलं नाही. काकू सेटच्या काट्याकडे बघत होत्या. तो बोलला की काटा उचलला जायचा. "बोलतोय," त्या म्हणाल्या. "बघ, बोलतोय तो."

आपली चौऱ्याहत्तर हवेत सांगून झाली, आता चव्वेचाळीस नियमात बसत नाही, म्हणून काकूंनी दोन्ही दिवसांची सगळी नोंद स्पर्धेला बिनगुणांची पाठवायला लावली. नुसती पडताळणीसाठी, त्या जपानी माणसाचे गुण जाऊ नयेत म्हणून. सईला जरा वाईट वाटलं. काकूंनी तिला वाटीभर मोदकाचं सारण दिलं.

त्या हिवाळ्यात काकू न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला, मग छातीत कफ भरला. पनवेलच्या हॉस्पिटलात शेवटी-शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, आम्ही पाटीवर लिहायचो. म्हात्रेदादा रोज येऊन हात जोडून नुसते उभे राहायचे. "मी पंच्याहत्तर होणार होते," एवढंच एकदा नर्सला म्हणाल्या. आणि सईला म्हणाल्या, "त्याला सांग हं. वाट बघत ठेवू नकोस." सईनं पाटीवर लिहिलं, 'सांगते.' तीन दिवसांनी त्या गेल्या. मला अजून राग येतो. कुणाचा येतो विचाराल तर सांगता यायचं नाही.

सेट त्यांनी सईच्या नावानं ठेवला होता. यंदाच्या स्पर्धेला ती एकटी बसली, स्वतःच्या परवान्यावर, पंधरा वर्षांची. रविवारी दुपारी ती खोलीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "आहे तो," म्हणाली. "सत्याहत्तर. मी पंधरा म्हटलं. तो थँक यू म्हणाला."

"सांगितलंस?"

"कसं सांगू? माझी खूण वेगळी, त्याला काय कळणार मी कोण ते? मागे एवढे लोक ओरडत होते! दहा सेकंदांत कुणी असं सांगतं का, आई?" आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मी म्हटलं, पुन्हा हाक मार. ती म्हणाली, एकाच माणसाशी दुसऱ्यांदा बोललं तर शून्य गुण, लोक शिव्या घालतात. "घालू देत," मी म्हटलं. "तू शब्द दिलायस."

ती आत गेली. मी दारात. तिनं हेडफोन न लावता आधी ऐकलं, बराच वेळ ऐकलं, मग बटण दाबलं. तो चटकन म्हणाला, आपलं बोलणं झालंय. सई म्हणाली, "आय नो. आय ॲम फोर फोर. लास्ट इयर."

"आह," तो म्हणाला. "फोर फोर!" आणि मग हळूच, "सेव्हन फाइव्ह?"

सईनं माझ्याकडे पाहिलं. बटण दाबून तिनं सांगितलं की आजी गेली, जानेवारीत. बटण सोडलं. खरखर. काटा खाली पडून राहिला. कुणीतरी मध्येच आपली हाक घुसवली, आणखी एकानं, आणि त्या सगळ्यांच्या खालून तो म्हातारा आवाज परत आला.

"थँक यू," तो म्हणाला. "टुडे आय कॉल, आय कॉल, नो सेव्हन फाइव्ह. आय थॉट, माय इअर्स."